विटेवरचा बटाटा

आमच्या पठारावरच्या बटाटा संशोधन केंद्रात काल रोपांची एक अजब ओळ पाहिली. प्रत्येक रोप एकेका विटेवर लावलेलं, बुंध्याजवळची माती पाण्यानं धुऊन काढलेली आणि मुळं विटेच्या कडांवरून खाली जमिनीत गेलेली. तिथं काम करणाऱ्या कुसुमबाई उकिडव्या बसून विटेभोवती धरू लागलेले बोराएवढे बटाटे खुडून टाकत होत्या.

"अहो, बटाट्याच्या शेतात बटाटेच खुडता?"

"बटाटा धरला की झाडाचं सगळं लक्ष खाली जातं, ताई. मग ते फुलाचं नाव काढत नाही. आम्हाला फुलातलं बी पाहिजे."

बटाटा लावला की तोच बटाटा पुन्हा येतो. बी पेरलं तर मात्र प्रत्येक रोप वेगळं निघतं, आणि त्यातलं एखादं आमच्या कोरड्या, उष्ण हवेत तग धरेल अशी इथल्या सगळ्यांना आशा आहे. म्हणजे खाली साठवायला मिळतंय तोवर हे झाड स्वतःचीच नक्कल करत राहणार! मला उगाच एकाच टेबलामागे काढलेली माझी एकवीस वर्षं आठवली.

"रोज खुडताना वाईट नाही वाटत?"

"आधी वाटायचं. घरच्या शेतात कुदळीनं एक बटाटा कापला गेला तरी मी हळहळते." त्यांनी आणखी एक खुडला.

"मग झाड काय करतं?"

"दोन दिवस मान टाकतं," कुसुमबाई म्हणाल्या, "मग वर बघायला लागतं."