पेणच्या पोर्टमधला उजेड

रोह्याच्या कंपनीतली सगळ्यात थंड खोली माझ्या ताब्यात आहे. तिथे एका मोठ्या पेटीत पुस्तकं उभी लावावीत तसे पातळ सर्व्हर बसवलेत. त्यांना ब्लेड म्हणतात. पेटीच्या पाठीमागे स्विच. सर्व्हरमधून निघालेला निरोप कारखान्यात जायचा, नागोठण्याच्या गोदामात जायचा की पेणच्या कचेरीत, ती वाट स्विच ठरवतो आणि आल्यागेल्याची नोंदही ठेवतो. लोकांना त्याचे हिरवे दिवे तेवढे ठाऊक. मी सकाळी चहाआधी त्याच्या नोंदी वाचते. कामाचं म्हणून वाचते, पण आवडतंही.

परतीच्या पावसात पेणची तक्रार सुरू झाली. पेणला आमची एकाच बाईची कचेरी. ट्रकच्या पावत्या तिथून निघतात. पावती निघता निघेना, ट्रक खोळंबू लागले. मोठ्या साहेबांनी कळवलं, सोमवारच्या बैठकीत पेणचं टेबल रोह्याला हलवायचं ठरवू. त्या बाईचं घर कचेरीमागच्या गल्लीत. सासरे अंथरुणाला खिळलेले. जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन तीच त्यांना भरवते.

तिचा फोन आला. "ताई, तुझ्या त्या पेटीला सांग ना जरा. म्हातारा उपाशी ऱ्हाईल माझा."

"पेटीला कान नाहीत गो. मला सांग. कधी होतं हे?"

"आभाळ गडगडलं का दुसऱ्या दिवसापासून जास्तच."

मी स्विचवरचा पेणचा पोर्ट, म्हणजे त्या लाइनीचं दार, पडद्यावर उघडला. लाइन चालू. राउटिंगच्या, म्हणजे वाट निवडणाऱ्या नियमांच्या, मते वाट मोकळी. दुसरी वाट, म्हणजे तिच्याकडचा सिमकार्डचा खोका, रिकामाच बसून होता. राउटिंगचं असंच असतं: वाट बंद पडली की दुसरी धरायची. वाट खड्ड्यांची झाली तरी त्याच्या लेखी ती चालूच. मग चुकांचा आकडा पाहिला. निम्मेशिम्मे निरोप फुटके येत होते आणि पुन्हा पुन्हा मागवावे लागत होते. तेव्हा मी हातानेच पेणची वाट सिमवर वळवली. पावत्या निघू लागल्या, पण बारीक नळाच्या धारेसारख्या. सोमवारी दाखवण्याजोगं ते नव्हतं.

पेणची लाइन काचेच्या तंतूची आहे, निरोप प्रकाशाने येतात. तो प्रकाश किती येतोय हेही स्विच मोजतो. मागचा आलेख काढला आणि खुर्ची पुढे ओढली. प्रकाश हळूहळू उतरला नव्हता. जिन्याच्या पायऱ्यांसारखा उतरला होता. प्रत्येक पायरीआधी लाइन थोडा वेळ पूर्ण बंद, आणि दर वेळी त्या दुपारी वादळ. ढगांच्या गडगडाटाचं काचेतल्या प्रकाशाशी काय वैर? घरी भेंडी चिरतानाही डोक्यात तेच. शनिवारी एसटीने पेण गाठलं.

कचेरीला लागूनच गणपतीचा कारखाना. मूर्ती घासायचं काम तिथे एरवीही चालू असतं. खिडकीच्या कट्ट्यावर पांढरी भुकटी, टेबलावर पांढरी भुकटी. आम्ही बोलत होतो तेवढ्यात आभाळ काळवंडलं, वीज कडाडली. बाई बोलता बोलता उठली, लाइनीच्या खोक्यातून बारीक पिवळी वायर उपसली आणि कट्ट्यावर ठेवली.

"हे काय केलंस?"

"मंग? वीज आत येते ना. मागे खोका जळला तवा सगळे मलाच बोलले. घरी टीव्हीची काढतो तशीच काढते."

खोका जळला तेव्हा लाइन तांब्याची होती. नंतर ती बदलून काचेची झाली, पण तिला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

"हिच्यातून वीज येत नाही. आत काच आहे."

"काच? मग वळते कशी गो?"

मी साफ करायच्या काळ्या पट्टीवर वायरीचं टोक पुसलं. पट्टीवर पांढरा ठिपका उमटला: कट्ट्यावरची भुकटी, प्रकाश अडवत बसलेली. तिने वाकून तो पाहिला आणि पोट धरून हसली. "बाप्पा बसलाय लाइनीत!"

वायर परत लावली. लॅपटॉपवर प्रकाशाचा आकडा जुन्या जागी आला. सॉकेटला विजेचा झटका अडवणारा बोर्ड लावला, वाट पुन्हा मूळ लाइनवर वळवली आणि तिला बजावलं, "आता काहीही होवो, हिला हात लावायचा नाही."

"आणि जळला तर?"

"माझं नाव सांग."

सोमवारी बैठकीत पायऱ्यांचा आलेख पडद्यावर लावला आणि घडलं ते सगळं सांगितलं, वायर कोण काढत होतं तेही. लाइन बदलल्याचं आपण तिला कळवलं नव्हतं, हेही.

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. कुंडलिका नदीपलीकडे, अष्टमी गावावर आभाळ भरलं होतं. "आत्ता पेणला गडगडलं तर?"

"पोर्ट उघडाच आहे. बघू."

थोड्या वेळात माझा फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला. "ताई, केवढ्यानं कडाडली गो! हात मांडीखाली दाबून बसलेय."

पडद्यावरची रेघ सरळ होती.

साहेब फोनकडे वाकले. "पावती निघाली का?"

"कधीच! ट्रक गेला पन. आनि हात मोकळा केला तो पावतीपुरताच हां. तुम्ही कोन?"

टेबलाभोवती सगळे हसले. साहेबही. पेणचं टेबल पेणलाच राहू दे, म्हणाले आणि पुढचा विषय घेतला.

फोन अजून चालूच होता. "ताई, ते काच वळते कशी ते सांगायचं ऱ्हायलंय तुझं."

ते मलाही नीट ठाऊक नाही. या आठवड्याच्या कामांत ते सगळ्यात वर लिहून ठेवलंय.