गोदाक्का लिहिणारे मुनीर सर

मुनीर सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते नांदेड स्टेशनसमोरच्या एका चहाच्या हॉटेलात. भिंतीवरच्या टीव्हीवर 'मंगळवस्ती' लागली होती आणि सगळं हॉटेल माना वर करून बघत होतं. एकच माणूस टीव्हीकडे पाठ करून बसला होता. साठीला टेकलेला, आखूड पांढरी दाढी, कोपराशी झिजलेला स्वेटर. समोरचा चहा गार झाला होता आणि तो एकेका गिऱ्हाइकाचा चेहरा न्याहाळत होता. मालिकेच्या लेखकाने मला भेटायला इथेच बोलावलं होतं, तेव्हा हेच असणार असं समजून मी जवळ गेले आणि नाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला.

"बस बेटा, जरा थांब. तो लाल मफलरवाला आता हसला पाहिजे."

लाल मफलरवाला हसला नाही. त्याने खिशातून फोन काढला आणि त्यात डोकं घातलं.

"गेला," सर म्हणाले. "लई लांबवला आपण तो सीन."

त्या दिवसापासून मी त्यांची सहलेखक झाले. 'आपण' हा शब्द त्यांनी मला मी काही लिहिण्याआधीच दिला होता.

सर मूळचे उदगीरचे. तिथल्या बाजारात त्यांच्या घराण्याचं शिलाईचं दुकान होतं. सर मात्र भौतिकशास्त्र शिकले आणि लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत राहिले. कायम होण्याची वाट बघता बघता त्यांचे केस पांढरे झाले. पोरांना गुरुत्वाकर्षण समजावं म्हणून त्यांनी ग्रहांवरच्या एकांकिका लिहिल्या. त्यातली एक स्पर्धेत कुणा निर्मात्याने पाहिली आणि त्यातून मुंबईची मालिका आली. पण सर मुंबईला गेले नाहीत. शमीम आपा, म्हणजे त्यांच्या पत्नी, नांदेडच्या शाळेत शिकवायच्या, म्हणून तेही नांदेडलाच येऊन राहिले. "मुंबईत राहिलो तर मुंबईवाल्यांसारखं लिहीन," ते म्हणायचे. "तसे लिहिणारे तिथं भरपूर हायत."

'मंगळवस्ती' ही मंगळावर राहायला गेलेल्या माणसांची गोष्ट होती. तिच्यात एक कॅप्टन होता, शास्त्रज्ञ होते, एक गद्दार होता. ती चांगली चालत होती. गोदाक्का तिच्यात एकाच प्रसंगापुरती होती. पृथ्वीवरून आलेल्या बड्या पाहुण्यांसाठी कॅप्टन जास्तीचं पाणी मागतो आणि टाकीवरची बाई त्याला नाही म्हणते, एवढंच. लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात तिथेच राहणारे सर घागरी घेऊन रांगेत उभे राहिले होते. मंगळावरच्या त्या बाईच्या तोंडी त्यांनी तिथलीच भाषा घातली: "साहेब, पाहुणे तुमचे, पाणी सगळ्यांचं. बादली ठेवा खाली." परभणीच्या रंगमंचावर आयुष्य काढलेल्या मालनकाकूंना ते काम मिळालं. बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा टाकीवर हात ठेवून त्या ते वाक्य बोलल्या, आणि पुढच्याच आठवड्यात चॅनलवरून रेवती मॅडमचा फोन आला.

रेवती मॅडम म्हणजे चॅनलच्या बाजूने आमची मालिका बघणाऱ्या बाई. "सर, लोकांना ती पाणीवाली पुन्हा हवीय," त्या म्हणाल्या.

गोदाक्का परत आली. मग दर आठवड्याला येऊ लागली. आणि वर्ष उलटायच्या आत तिची स्वतंत्र मालिका ठरली, 'गोदाक्काची टाकी'. त्याच वस्तीत घडणारी, पण कॅप्टनला सोडून तिच्याभोवती फिरणारी. मी पेढे घेऊन गेले. सरांनी पेढा घेतला, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही फार आनंद दिसला नाही.

"बेटा, लोणचं होतं म्हणून लोकांनी बोट चाटलं. आता ताटभर लोणचं मागून राहिले."

सुरुवातीचे आठवडे बरे गेले. 'मंगळवस्ती' बघणारे कुतूहलाने इकडेही आले. मग तक्रारी सुरू झाल्या. त्यांना लढाया हव्या होत्या, कॅप्टन हवा होता. इथे एक बाई गळती शोधत पाइपांतून फिरत होती. आणि ज्यांनी पहिली मालिका पाहिलीच नव्हती, त्यांना ही वस्ती कुठली आणि ही माणसं कोण हेच कळेना. एका बाजूचं ऐकून जुन्या खुणा वाढवल्या की दुसरी बाजू गोंधळायची, आणि खुणा काढल्या की पहिली रुसायची. सर दोन्ही बाजूंची पत्रं आणि निरोप मनापासून वाचायचे. "दोघं बी खरं बोलून राहिलेत," म्हणायचे. "हीच तर पंचाईत हाय."

किती जणांनी बघितलं त्याचे आकडे दर गुरुवारी यायचे. काही ठरावीक घरांतल्या टीव्हीला एक यंत्र जोडलेलं असतं. त्या घरांत जे बघितलं जातं, तेच सगळा महाराष्ट्र बघतो असं धरतात. बुधवारपासूनच सरांचं जेवण कमी व्हायचं. एकदा त्यांनी फोनवर रेवती मॅडमना विचारलं, "आमच्या उदगीरात कुणाच्या घरी हाय का हो ती मशीन? मी तर न्हाई पाहिली."

"सर, ती घरं गुप्त असतात."

"मग बराबर हाय. आम्ही बी तुमच्यासाठी गुप्तच."

रेवती मॅडम हसल्या. बाई वाईट नव्हत्या. त्यांच्याही वर कुणीतरी होतं आणि त्यांनाही गुरुवारी फोन यायचे. पण आकडा घसरला की त्यांच्याकडून एकेक सूचना यायची. वस्तीत एक तरुण जोडपं आणा. गोदाक्काची भाषा थोडी स्वच्छ करा, पुण्यात समजत नाही. सर म्हणाले, "समजलं न्हाई तर शेजारच्याला विचारतील. विचारू द्या की." जोडपं मात्र आणावं लागलं. मग मालिकेची वेळच बदलली, आठची थेट साडेदहा. तिच्या जागी गाण्यांची स्पर्धा आली. आमचे निम्मे प्रेक्षक पहाटे उठणारे. साडेदहापर्यंत जागणार कोण? पुढच्या गुरुवारी आकडा आणखी पडला, आणि लोकांना मालिका आवडत नाही हे सिद्ध झालं.

"गोष्ट आपली, टाइम त्यांचा," सर म्हणाले. हे वाक्य त्यानंतर मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे ते नुसतंच "टाइम त्यांचा" म्हणून थांबायचे.

त्याच दिवसांत सरांच्या डोक्यात एक कथा घोळत होती. मंगळावर जमीन हादरते, वस्तीचा घुमट तडकतो, आणि मग कुणीच छताखाली झोपायला तयार होत नाही. ती लिहिण्याआधी ते मला घेऊन किल्लारीला गेले. लातूरहून जीपने गेलो. सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई, पार्वतीबाई, तिथे राहते. भूकंपात तिच्या घरातली निम्मी माणसं गेली होती. नव्या गावातल्या एकसारख्या घरांपैकी एकात ती ओसरीवर तूर निवडत बसली होती. सरांनी फार अडखळत विषय काढला.

"लोक काय ओरडत होते, मावशी? 'वाचवा' असं?"

"न्हाई बाबा." तिचे हात सुपात तसेच चालू होते. "वाचवा कुनीच म्हनत नव्हतं. जो तो आपापल्या मानसाचं नाव घेऊन वरडायला. नुसती नावंच नावं."

निघताना पार्वतीबाईने त्यांना थांबवलं. नातू फोनवर लावून देतो म्हणून ती गोदाक्का दुसऱ्या दिवशी दुपारी बघत होती.

"ती टाकीवरली बाई मरनार न्हाई ना? तुमच्या शिरेलीत चांगलं मानूस लवकर मरतंय."

"न्हाई मारत, मावशी," सर म्हणाले.

घुमट तडकतो तो प्रसंग सरांनी लिहिला. त्यात कुणी 'वाचवा' म्हणत नाही. काळोखात नुसती नावं ऐकू येतात. मी वाचला आणि मला पाणी प्यावं लागलं. रेवती मॅडमनाही तो आवडला, इतका की त्यांनी दुसऱ्याच दिवशी फोन केला.

"सर, मालिका बंद करायचं वर ठरलंय. यातच गोदाक्का जाऊ द्या. लोकांना वाचवताना. शेवटचा आठवडा दणक्यात होईल. मग तिची एक मुलगी दाखवू आणि तिला आपण 'मंगळवस्ती'त घेऊ, तुमचं काम चालू राहील. नाहीतर मालिका नुसतीच बंद होईल. मला थांबवता येणार नाही."

"नुसतीच बंद करा मग."

"कुणाच्या लक्षातही येणार नाही, सर."

"किल्लारीत एकीच्या येईल."

फोन ठेवल्यावर मी भांडले. मुलगी घेऊ म्हणतात तर घेऊ द्या, निदान गोष्ट जिवंत राहील, असं माझं म्हणणं होतं. सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मी त्या मावशीला तोंडावर न्हाई म्हटलंय, वर्षा. टीव्हीवर हाव कसं म्हणू?"

शेवटच्या भागात गोदाक्का गळती बुजवते, टाकीची पातळी बघते आणि पुढच्या पाळीवाल्याच्या हातात किल्ली देऊन घरी जाते. तो भाग रविवारी, साडेदहाच्याही नंतर, कधीतरी लागून गेला. वर्तमानपत्रात ओळही आली नाही. शमीम आपा निवृत्त झाल्या आणि दोघं उदगीरला राहायला गेले. सर काही दिवस लातूरच्या शिकवणीवर्गात जाऊन येऊन होते. मग हृदयाने दगा दिला आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला.

त्यानंतर कुणी, कुठून सुरू केलं ते आजही माहीत नाही, पण 'बादली ठेवा खाली' हा तुकडा लोकांच्या फोनवर फिरू लागला. उन्हाळा कडक होता. टँकरच्या रांगेत, ग्रामसभेत, पुण्याच्या सोसायट्यांत तो फिरला. मग त्या काळोखातल्या नावांचा प्रसंग फिरला. ज्यांनी मालिका पाहिली नव्हती ते ती का बंद केली म्हणून चॅनलला शिव्या देऊ लागले. रेवती मॅडमचा मला फोन आला: गोदाक्का परत आणायची आहे, या वेळी फोनवर बघण्यासाठी, कमी भागांची.

मी सकाळच्या बसने उदगीर गाठलं. सर दुकानाच्या दारातल्या बाजेवर बसले होते. आत पुतण्याची मशीन चालू होती. मी एका दमात सगळं सांगितलं. सर ऐकत होते, मध्येच मान हलवत होते.

"लोकांना आता ती पाहिजे, सर!"

"लोक तवा बी होते, बेटा. मोजणाऱ्याला दिसले न्हाईत. तू लिही. मला आता गुरुवार सोसत न्हाई."

"आता गुरुवार नसतो. आता लगेच कळतं, मिनिटामिनिटाला."

"या अल्ला," सर म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो. त्यांना हसताना धाप लागली. शमीम आपांनी आतून मला नजरेने दटावलं.

मालनकाकूच हव्यात आणि भाषा तीच राहील, या दोन गोष्टी मी चॅनलकडून कबूल करून घेतल्या. पहिला भाग लिहून सरांना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाले, "सगळं चांगलं हाय. मगर बाई दमलेली दिसत न्हाई."

"म्हणजे?"

"इतकी वर्षं पाणी राखून राहिली ती. सारखी पळतीय, बोलतीय, भांडतीय. दमली असंल की. तिला कुठंतरी जरा बसव."

त्याच महिन्यात सर गेले. दुपारच्या नमाजानंतर आडवे झाले ते उठले नाहीत. उदगीरला पोचेपर्यंत मला उशीर झाला. दफन उरकलं होतं. शमीम आपांनी माझा हात धरून ठेवला.

मी त्या भागात एक प्रसंग घातला. पाळी संपल्यावर गोदाक्का एका पाइपावर बसते. संवाद नाही, कुणी येत नाही. रेवती मॅडमनी विचारलं, "वर्षा, यात घडतं काय?"

"ती बसते, मॅडम."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "राहू दे," म्हणाल्या. त्यांचाही आवाज फार थकलेला वाटला.

चित्रीकरणाला मी मुंबईला गेले. मालनकाकू पाइपावर बसल्या, पदराने मान पुसली, हात मांडीवर टाकले. दिग्दर्शकाने कट म्हटलं. दिवे हलवायला माणसं पुढे आली, तरी काकू उठेनात. मी जवळ जाऊन हात पुढे केला.

"हे सरांनी सांगितलेलं ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग बसू दे गं अजून थोडं," त्या म्हणाल्या आणि बसून राहिल्या.