आमच्या आडनावातला ळ

गेल्या महिन्यात मी एक कोरियन बाई पकडली... अमरावतीत, आमच्याच घरात. म्हणजे लॅपटॉपवर हो!

माझी मुलगी सायली कोरियातल्या एका कॉलेजच्या इंटरव्ह्यूची तयारी करत होती. ऑनलाइन शिकवायला जी-वू मॅडम. गोड आवाज, थोडं हिंदी, थोडं इंग्रजी... पण कॅमेरा कायम बंद. "नेट स्लो है" म्हणे.

मला हे पहिल्यापासून खटकत होतं. शिक्षणाच्या नावाखाली पोरींना परदेशात नेऊन काय काय करतात, वाचतो ना आपण. त्यात मॅडमनी पासपोर्टचा फोटो मागितला... नाव कोरियन लिपीत कसं लिहायचं ते बघायला, म्हणे! मी पाठवू दिला नाही. उलट भाजी निवडायला सायलीच्या खोलीतच बसायला लागले.

त्या दिवशी ध्वनी मोजणं चाललं होतं. 'मिल्क' घ्या. इंग्रजीत म, इ, ल, क... चार ध्वनी, पण उच्चाराचा ठोका, म्हणजे सिलॅबल, एकच. कोरियन माणूस शेवटी एक बारीक स्वर जोडतो, 'मिल्खु'. झाले पाच ध्वनी, दोन ठोके.

मग तिकडे नसलेले ध्वनी. ळ तर नाहीच. "आई, कोरियात आपण काळेचे 'काले' होणार," सायली हसत म्हणाली.

तेवढ्यात मॅडमचा आवाज आला, "सायली काये, अब तुम बोलो."

माझ्या हातातली मेथी हातातच राहिली. काले नाही, काळे नाही... काये? आम्हाला असं फक्त आमच्याच जिल्ह्यातली, दर्यापूरकडची माणसं म्हणतात. तिकडे डाळीची दाय होते अन् काळ्यांचे काये.

मी लॅपटॉप ओढला आणि सरळ विचारलं, "मॅडम, तुमी कोन्या गावच्या?"

सायली माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. मग कॅमेरा सुरू झाला. पन्नाशीच्या एक बाई, मागे दोरीवर टॉवेल.

"बडनेऱ्याची आहो ताई, तुमच्या अमरावतीजवळची. माहेर दर्यापूरकडचं. शोभा नाव माहं."

"मंग हे जी-वू काहून?"

"शोभा नावानं क्लास काढला तं एक पोरगी नाही आली. कोरियन शिकाले बडनेऱ्याची बाई कोनाले पाह्यजे? कोरियनची परीक्षा पास आहो मी, सर्टिफिकेटं दाखवू काय?"

दाखवाच म्हटलं! घरी बोलावलं, एका ओळखीच्या प्राध्यापकांकडून सर्टिफिकेटं तपासून घेतली. खरी निघाली. तरी माझा राग गेला नव्हता... खोटं ते खोटंच. यापुढे खरं नाव आणि कॅमेरा सुरू, एवढं मी बजावलं. त्यांनी बाकीच्या मुलींनाही स्वतःच सांगितलं. दोघी क्लास सोडून गेल्या. सायली राहिली.

परवा इंटरव्ह्यू झाला. समोर कोरियन प्राध्यापिका... या तरी खऱ्या ना, म्हणून मी आधी कॉलेजच्या वेबसाइटवर त्यांचा फोटो बघून ठेवला होता! त्यांनी विचारलं, उच्चार इतके छान कुठे शिकलीस? सायली म्हणाली, बडनेऱ्याला, शोभा मॅडमकडे.

निकाल यायचाय अजून. पण मी शोभाताईंना फोन करून हे सांगितलं, तर त्या हळूच म्हणाल्या, "माहं नाव घेतलं तिनं? खरं नाव?"

घेतलं हो ताई. आणि आज तुम्हाला विचारून मीही घेतेय, इथे सगळ्यांसमोर.