कौलाआधीचं गंधक

आवडीकाकू बोलता बोलता मध्येच गप्प व्हायच्या आणि मान वर करून आंब्याकडे कान द्यायच्या. मोहोरावर तुडतुडे वाढले की त्यांच्या उड्यांचा पानांवर बारीक तडतड आवाज येतो. मी लग्न होऊन शेजारी आले तेव्हा मला वाटलं, बाईंना ऐकायला कमी येतं. "ऐकलंस गो? मेले आले जेवायला," असं त्या म्हणाल्या, तेव्हा कुठे उलगडा झाला.

घरात त्या एकट्याच. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. कलमांची बाग नावाने मुंबईच्या दिराची, पण झाडं काकूंनी नवऱ्याबरोबर कावडीने पाणी घालून वाढवलेली. त्या वर्षी दिराचा निरोप आला. यंदा पीक बुडालं तर बाग व्यापाऱ्याला देणार, वहिनींनी मुंबईला यायचं.

तुडतुड्यांवर मारायची गंधकाची भुकटी तेव्हा नुकतीच गावात आली होती. पण आमच्याकडे नवं काही करायचं तर आधी गुरवाने देवीच्या मूर्तीला फुलांचे कळे चिकटवायचे आणि कोणत्या बाजूचा आधी पडतो त्यावरून कौल घ्यायचा. नेमकी त्याच साली पहिला मान कोणाचा यावरून मानकऱ्यांत जुंपली आणि कौल लांबला. इकडे मोहोर फुटून वर आला. काकूंनी एका पहाटे पदर खोचला, फडक्याच्या पुरचुंडीत गंधक भरून ती काठीला बांधली आणि दवाने ओल्या मोहोरावर झाडायला लागल्या. गडी हात लावेनात, म्हणून मी गेले. सासूबाई त्यानंतर कित्येक दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

"देवीचं काय ते मी बघीन," काकू म्हणाल्या. "फुलं उमलली की मग गंधक नको हो. माश्या बसल्या नाहीत तर फळ धरणार कसं?"

कौल मिळाला तोवर फुलं उमलून गेली होती. गावाने तेव्हा गंधक मारलं, आणि हाती फारसं काही लागलं नाही. काकूंच्या फांद्यांना मात्र टेकू द्यावे लागले. त्यांना इतकं खुशीत मी कधीच पाहिलं नव्हतं.

वैशाखात दीर आले. बाग हिंडून पाहिली, वहिनींचं तोंडभर कौतुक केलं आणि बाग व्यापाऱ्याला देऊन टाकली. असं पीक पाहून व्यापारी स्वतःच मागायला आला होता.

"भाऊजी, बुडालं तर द्यायची होती ना?" काकूंनी एवढंच विचारलं. त्या माणसाचा मला अजून राग येतो.

पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीने त्या निघाल्या. बंदरावर त्यांची ट्रंक व्यापाऱ्याच्या राखणदाराने आणून दिली. बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात पाय ठेवण्याआधी त्या त्याच्याकडे वळल्या.

"फुलं उमलायच्या आत भुकटी मार रे. आणि विहिरीकडचं कलम उशिरा मोहोरतं, त्याला रागावू नको."