चौदा ठोके

माझ्या मामाला गाडी चालवता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की हा माणूस स्टिअरिंग हातात घेऊनच जन्मला असणार. गाडीचं हाड न् हाड ओळखणारा माझा मामा लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाला आणि तिसऱ्यांदा गेलाच नाही. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. घाबरट, उद्धट, डावं-उजवं न कळणारी, सगळ्या जातीची माणसं मी रस्त्याला लावली आहेत, पण मामापुढे हात टेकले. शिकवायचा विषय काढला की तो म्हणायचा, "तू आहेस ना." म्हणून गेली नऊ वर्षं माझ्या सुटीच्या दिवशी मी त्याला शेजारी बसवून लोकांच्या जुन्या गाड्या बघायला नेत होते.

त्याचं मूळ काम पत्र्याचं. चेपलेला दरवाजा आतून ठोकून असा सरळ करायचा की मालकालाही कुठे लागलं होतं ते आठवू नये. गॅरेज दोघा भावांचं होतं. मामा ठोकायचा आणि धाकटा मामा रंगवायचा. सव्वीस वर्षं दोघं एका डब्यातून जेवले. मग मामाची कंबर गेली, गॅरेज बंद झालं, धाकट्याने रंगाचं छोटं दुकान टाकलं आणि मामा घरी बसला. घरी बसून तो मामीला इतका छळायला लागला की तिनेच त्याला बाहेर काढलं. म्हणाली, जुन्या गाड्या घेणारे लोक फसतात, त्यांना जाऊन सांगा काय ते, पण माझ्या पातेल्यांवर टकटक करणं थांबवा.

तेव्हापासून त्याचं नाव टकटक. जुनी गाडी घ्यायची तर आधी टकटकला दाखवा, असं लोक म्हणायला लागले. तो इंजिनाकडे ढुंकून बघत नसे. इंजिन बदलता येतं, म्हणायचा, पण अंगच सडलं असेल तर तुम्ही गाडी घेत नाही, गंज घेता. त्याची पद्धत सोपी होती. डोळे मिटायचे, डावा कान पत्र्याजवळ न्यायचा आणि बोटाच्या पेराने एकदाच ठोकायचं. शाबूत पत्रा खणखणीत बोलतो. आतून गंजलेला किंवा लांबी भरून बुजवलेला पत्रा बद्द वाजतो. लांबी म्हणजे रंगाखाली खड्डे भरायला वापरतात तो लगदा. तो वाळला, घासला, वर रंग मारला की डोळ्यांना काही कळत नाही. कानाला कळतं.

ठोके चौदा. दारांची खालची कड, दाराखालच्या पट्ट्या, चाकांवरच्या कमानी, दिव्यांच्या खोबण्या, डिकीचा तळ, बॅटरीखालची जागा, अशी ठरलेली ठिकाणं. गंज जिथून शिरतो त्या या जागा दोघा भावांनी मिळून हेरल्या होत्या. तिथे ठीक असेल तर गाडी ठीक, यात नऊ वर्षांत एकदाही चूक निघाली नव्हती. कुणी बघत असलं की मामाला ऐकू येत नाही, म्हणून घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला तो लांब पिटाळायचा. मी मात्र वही घेऊन उभी. तो "ठीक" किंवा "बद्द" म्हणायचा आणि मी लिहायचे. म्हणजे ती चौदा ठिकाणं त्याच्याखेरीज दोघांनाच माहीत होती, धाकट्या मामाला आणि मला.

त्या दिवशीची गाडी लाल होती. दोन माणसांची, छत उघडणारी, बुटकी स्पोर्ट्स कार. एका डॉक्टरची होती. डॉक्टर गेल्यापासून अठरा वर्षं ती उभी होती आणि आता एका दलालाच्या पत्र्याच्या गोदामात आली होती. घेणारा माणूस निवृत्त बस ड्रायव्हर. तीस वर्षं बस चालवताना ही गाडी त्याच्या शेजारून भुर्रकन पुढे निघून जायची आणि तो स्टॉपवर माणसं भरत बसायचा. तेव्हापासून ती त्याच्या डोक्यात होती. आता ती घेऊन, स्वतःच्या हाताने एकेक भाग उघडून, पुन्हा रस्त्यावर आणायची होती. बायकोला पटवायला त्याला दोन वर्षं लागली होती. तिने एकच अट घातली होती, टकटकने हो म्हटलं पाहिजे. पुसायला मऊ फडकं तो घरूनच घेऊन आला होता. मी म्हटलं, काका, आधी घ्या तरी. तर लाजला.

दलालाने ताडपत्री ओढली तेव्हा इतकी धूळ उडाली की आम्ही सगळे खोकत बाहेर पळालो. धूळ बसल्यावर बघितलं तर गाडी दयनीय होती. सीट फाटलेली, त्यात उंदरांनी संसार मांडलेला, चारही टायर बसलेले, एक दिवा गायब, लाल रंग उडून विटकरी झालेला, ठिकठिकाणी पोपडे. दलाल म्हणाला की डॉक्टर गेले तेव्हा होती तशीच आहे, हात लावलेला नाही. मामाला हे आवडलं. चकचकीत गाडी दिसली की त्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या, कारण चकाकी ही काहीतरी झाकायलाच मारतात असं त्याचं मत. ही गाडी म्हातारी होती आणि म्हातारी दिसत होती. दलाल आणि ड्रायव्हर बाहेर गेले, मामा कमरेवर हात ठेवून वाकला आणि सुरुवात केली.

ठीक, म्हणाला. मी लिहिलं. पुन्हा ठीक. तिसरं, चौथं, पाचवं ठीक. डिकीपाशी तो डोळे मिटून हसला. चौदाच्या चौदा ठीक. इतक्या जुन्या गाडीला असं कधी झालं नव्हतं. तेव्हाच शंका यायला हवी होती, त्याला नाही तर मला. पण दाराच्या फटीतून तो ड्रायव्हर परीक्षेच्या निकालाकडे बघावं तसा आमच्याकडे बघत होता, आणि खरं सांगायचं तर आम्हाला दोघांनाही ही गाडी चांगली निघायला हवी होती.

मामाने त्याला आत बोलावलं आणि म्हणाला, "घ्या."

मामाचा अहवाल एवढाच असतो. ड्रायव्हरने त्याचे दोन्ही हात धरले आणि डोळे पुसायला लागला. मग तो दार उघडून त्या फाटक्या सीटवर जाऊन बसला, उंदरांसकट. मामा गाडीजवळच उकिडवा बसून त्याला कुठून कामाला लागायचं ते सांगत होता. सांगून झालं तसा तो उठायला लागला. कंबर धरली होती, म्हणून आधाराला त्याने गाडीवर हात टेकला, दाराच्या मागे, जिथे तो कधी ठोकत नाही अशा जागी. त्याचा अंगठा आत गेला.

पापड मोडावा तसा आवाज झाला. मामा अंगठा बाहेर काढून बराच वेळ बघत राहिला. मग त्याने शेजारी ठोकलं. बद्द. त्याच्या वर, बद्द. दोन ठोक्यांच्या मधली प्रत्येक जागा त्याने ठोकून काढली, आणि या खेपेला त्याने कुणाला लांब पाठवलं नाही की डोळे मिटले नाहीत. स्क्रूड्रायव्हर घालून ढकललं तर बोटाएवढ्या जाडीची लांबी ढेकळासारखी खाली पडली. मागे पत्रा नव्हताच. तपकिरी पापुद्रे होते आणि पलीकडचा उजेड दिसत होता. ही गाडी चौदा जागी तळहाताएवढी चांगली होती. तेवढ्याच जागी नवा पत्रा बसवला होता, इतका सफाईदार की सांधा लागू नये. बाकी सगळा लगदा. आणि वरचा तो विटका रंग, पोपडे, डाग, हे सगळं कुणीतरी बसून म्हातारं केलं होतं.

मामा वळला आणि त्याने माझ्याकडे बघितलं.

"चौदा ठिकाणं तू कुणाला सांगितलीस?"

समोरून ट्रक अंगावर आला तरी माझ्या बाजूचा ब्रेक दाबायचं मला सुचतं. त्या वेळी काही सुचलं नाही. ड्रायव्हर ऐकत होता, दलाल दारात होता, आणि माझा सख्खा मामा मला चोरासारखं विचारत होता. नाही सांगितलं, एवढंच मी म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं, आठवून बघ, स्कूलमध्ये, गप्पांत कधी. मी म्हटलं, धाकट्या मामालाही माहीत आहेत की. तर त्याने हात वर केला. "त्याचं नाव काढायचं नाही."

माझं अंग नुसतं जळत होतं. नऊ वर्षं सुटीच्या दिवशी घरात पाय वर करून बसायचं सोडून मी ज्याच्यासाठी उन्हातान्हात वणवण केली, त्याने तपासायला सर्वांत आधी मला घेतलं. दलाल तेवढ्यात फोन कानाला लावून निघून गेला. मामाने ड्रायव्हरला सांगितलं की ही गाडी घेऊ नका. ड्रायव्हर अजून सीटवरच होता.

"मग मघाशी घ्या का म्हणालात?" त्याने विचारलं.

"चुकलं," मामा म्हणाला.

तो माणूस भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने दार हळू लावलं, जणू गाडी त्याचीच होती, फडक्याची घडी घातली आणि मामाला एवढंच म्हणाला की घरी आता काय सांगू. बायकोने गाडीला नव्हे, तुमच्या शब्दाला हो म्हटलं होतं. मामाला इतका लहान झालेला मी कधी बघितला नव्हता, आणि तरीही मला त्याची दया आली नाही.

गाडीत बसल्यावर मामा म्हणाला, "धाकट्याकडे घे." मला वाटलं, दुखणं सांगायला चालला आहे भावाकडे. रस्ताभर मी गियर असे टाकले की एखाद्या शिकणाऱ्याने टाकले असते तर त्याला खाली उतरवलं असतं.

धाकटा मामा दुकानात एका दरवाजाला कागद चिकटवत होता. मास्क गळ्यात. आम्हाला बघून त्याने नेहमीसारखं स्टूल पुढे केलं आणि चहा सांगायला निघाला. मामा बसला नाही. त्याने अंगठा त्याच्यासमोर धरला. नखाखाली लाल चुरा होता आणि त्याच्या खाली पिवळा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लाल रंग उठून दिसावा म्हणून धाकटा मामा आधी पिवळ्याचा पातळ हात देतो. दुसरं कुणी देत नाही, कारण दुप्पट काम पडतं. त्यावरून दोघं भाऊ सव्वीस वर्षं वाद घालायचे.

"ही सवय नाही सोडलीस," मामा म्हणाला.

धाकटा मामा नाकबूल गेला नाही. तो तसा खोटा माणूस नाही, हे लिहिताना मला हसावं की रडावं कळत नाही. त्याने शांतपणे थिनरने हात पुसले आणि सांगितलं की दलालाने काम दिलं, त्याने केलं. पूर्ण गाडीचा पत्रा बदलायचा तर वर्ष गेलं असतं आणि कुणी घेतलीही नसती. मामाने विचारलं की ड्रायव्हरला माझ्याकडे कुणी पाठवलं. तर म्हणाला, मीच दलालाकरवी तुझं नाव सुचवलं. हे बोलताना त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता, मी शपथेवर सांगते.

"दादा, तू बघतोस तिथे मी खोटं काम केलेलं नाही. ते चौदा पत्रे खुशाल कापून बघ. लोक गाडी कुठे घेतात? ते तुझे ठोके घेतात. ते मी पुरे केले."

मग त्या स्टुलावर बसून, जमिनीकडे बघत धाकट्या मामाने बाकीचंही सांगितलं. गॅरेजला लोक मामाचं गॅरेज म्हणायचे. गाडी बघून कुणी वा म्हटलं की मामाची पाठ थोपटायचे, रंग म्हणजे नुसतं वरचं काम. या वेळी त्याने एकट्याने असं काम केलं होतं की खुद्द टकटकचा कान फसला. तो पुढे म्हणाला, आणि तुला कळलंही नसतं.

मामाने विचारलं, अशा किती गाड्या. धाकटा आधी म्हणाला ही एकच. मामा तसाच उभा राहिला. मग धाकटा म्हणाला, याआधी आणखी दोन. मामाने त्या कुठल्या ते विचारलं नाही. त्या दोन्हींना त्याने हो म्हटलं असणार, आणि त्या माझ्या वहीत माझ्या अक्षरात चौदा वेळा ठीक अशा असणार. चहा आला, तो कुणी घेतला नाही. धाकटा मामा आम्हाला सोडायला दारापर्यंत आला आणि सवयीने म्हणाला, "सावकाश जा."

परतीच्या वाटेवर मामा अंगठ्याचं नख दुसऱ्या नखाने कोरत होता. पिवळा निघत नव्हता. तिसऱ्या चौकात दिवा लाल होता, तिथे मी विचारलं.

"तू पिवळा कधी बघितलास?"

"लगेच. अंगठा बाहेर काढला तेव्हाच."

"मग मला का विचारलंस? सगळ्यांसमोर?"

दिवा हिरवा झाला. मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले, तरी मी गाडी हलवली नाही. मामा समोर बघत होता.

"तू हो म्हणावंस असं वाटत होतं," तो म्हणाला. "तू असतीस तर मला सहन झालं असतं."

त्याला वाटलं असेल, खरं बोललो म्हणजे झालं. म्हातारा आहे, मोडलेला आहे, हे मला दिसत होतं. मामीला काय सांगायचं याचीही त्याला भीती वाटत असणार. पण तो माझ्या आईचा भाऊ आहे, आणि त्याच्या मापात मी किती आहे ते त्याने मला त्या चौकात, मागे हॉर्न वाजत असताना, सांगून टाकलं होतं. मी पहिला गियर टाकला, मग दुसरा, नीट, शिकवते तसे. त्याच्या घरापाशी गाडी थांबवली तेव्हा तो उतरला नाही. पुढच्या सुटीला वहीतून त्या दोन गाड्या शोधून मालकांकडे जाऊन सांगून यायला हवं, म्हणाला, आणि मी हो म्हणायची वाट बघत बसून राहिला.

"मामा, घर आलं," मी म्हटलं. "उतर."