खाऱ्या पाण्यात फाटणारं औषध

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मी ठाण्याजवळच्या एका रासायनिक कारखान्यात, संशोधन विभागात होतो. पिकांवरची कीड मारायची औषधं आम्ही बनवत असू. वऱ्हाडात मात्र आमचे डबे दुकानात पडून राहत आणि दुसऱ्या एका कंपनीचे हातोहात जात.

"त्यांचं औषध जास्त जहाल असणार," साहेब म्हणाले. "तू तिकडचाच. बघून ये. मग आपण त्याहून जहाल करू."

संग्रामपूरजवळच्या एका खेड्यात माझी मावशी राहायची. मी तिच्याकडेच उतरलो. चहा पिताना कोपऱ्यात गोणपाटाखाली काहीतरी झाकलेलं दिसलं. सहज उचलून पाहिलं, तर त्याच कंपनीचा डबा.

मावसाजी ओशाळले. "तुले वाईट वाटीन म्हून झाकला होता."

"आमच्या औषधानं किडी मरत नाहीत का?"

"मरतात ना बावा. जोर तुमच्यातच जास्त हाये. पन आमच्या पान्यात ते फाटते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शेतात नेलं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेएवढी आली होती. विहिरीच्या पाण्याच्या दोन बादल्या भरून त्यांनी एकीत आमचं औषध ओतलं, दुसरीत त्या कंपनीचं. दोन्ही दुधासारखी पांढरी झाली. थोड्या वेळानं आमच्या बादलीत गुठळ्या धरल्या, वर तेलाचा तवंग आला. दुसरी होती तशीच राहिली.

"फवाऱ्याचा पंप तुंबते मंग," मावसाजी म्हणाले. "त्या कंपनीचा मानूस मागच्या साली आला होता. इहिरीचं पानी बाटल्यायमंधी भरून घेऊन गेला."

शाळेच्या सुट्ट्यांत हेच पाणी मी प्यायलो होतो. त्यात साबणाला फेस येत नाही म्हणून मावशी कुरकुरायची, तेही ऐकलं होतं. आणि दोन वर्षं प्रयोगशाळेत प्रत्येक औषध मी शुद्ध केलेल्या पाण्यातच कालवून बघत होतो. आपलं घरचं पाणी आपल्याला आठवू नये, याची फार लाज वाटली.

दोन बाटल्या पाणी घेऊन परतलो. साहेब चिडले. "औषधाची माहिती आणायला पाठवलं होतं, पाणी आणायला नाही!"

"एकदा ओतून बघा," मी म्हणालो.

त्यांनी स्वतः ओतलं आणि गुठळ्या धरेपर्यंत भांड्यासमोर उभे राहिले. मग जहाल औषधाचं काम थांबवून, खाऱ्या पाण्यात टिकेल असं मिश्रण शोधायला मला आणि विभागातल्या आणखी एकाला बसवलं. त्याला दीड वर्ष लागलं.

नवं औषध मावसाजींना पाठवलं. त्यांनी अर्ध्या शेतात ते मारलं, अर्ध्यात दुसरं. महिन्याभरानं कार्ड आलं: 'दोन्ही सारखेच निघाले.' एवढंच लिहिलं होतं, पण साहेबांनी ते कार्ड सगळ्या विभागाला वाचून दाखवलं.