करून राहिलो

यांच्या पंचाहत्तरीला पुस्तिका काढायचं ठरलं. मजकूर लिहायला यांचाच एक जुना विद्यार्थी, आता कॉलेजात शिकवणारा, आमच्या लातूरच्या घरी येऊन बसायचा. शिक्षक, उद्योजक, आमदार असे तीन भाग त्यानं पाडले होते. मी चहा ठेवायची आणि ऐकायची. तिन्ही भागांत मी होतेच, फक्त स्वयंपाकघराच्या बाजूनं.

लग्न झालं तेव्हा मी नववी पास होते. हे लोह्याच्या शाळेत गणित शिकवायचे. बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी एकच विचारलं, पोरीची दहावी होईल का. हे म्हणाले, "हाव. मी सोता शिकवतो की." गणिताचा मास्तर जावई मिळतोय म्हटल्यावर वडील खूश. मीही खूश. लग्नात आणखी काही मागावं हे मला सुचलंच नाही.

आमच्याकडं चालू कामाला 'करून राहिलो' म्हणतात. जेवून राहिलो, येऊन राहिलो. बाहेरून दहावीला बसायला सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. मी तो आणा म्हटलं की हे म्हणायचे, "आणून राहिलो ना." त्या बोलण्यात आणणं थोडं आणि राहणंच जास्त आहे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

शिकवायचे मात्र फार छान. घरी मुलं यायची, बाहेर सतरंजीवर बसायची. मी आत भाकरी थापता थापता कान देऊन असायची. लसावि-मसावि मी अशी पाठमोरी शिकले. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्या चुलीपाशी होता.

पुढं चुलत दिरांनी लातूरला डाळमिल घातली आणि हे नोकरी सोडून त्यात शिरले. मास्तरचे शेठ झाले. तिथं शेजारी एक आपा राहायच्या, मशीनवर ब्लाउज शिवायच्या. त्यांचे मालक सायकली दुरुस्त करायचे. आपांचीही दहावी राहिलेली. शेवटी आमच्या दोघींचे फॉर्म आणले ते त्या सायकलवाल्यांनी. दुपारी मशीन झाकून आपा वही घेऊन आमच्याकडं यायच्या. त्यांचं घोडं इतिहासात अडायचं, माझं बीजगणितात. एकदा हे जेवायला बसले असताना आपांनी सरळ माझी वही पुढं केली. "सर, ये कैसा करना?" यांनी ताट बाजूला सारलं आणि अर्धा तास समीकरणं समजावून सांगितली. मला मधे मधे भाजी गरम करायला उठावं लागलं, म्हणून मला ती अर्धीच कळली.

ऑक्टोबरच्या परीक्षेचं हॉलतिकीट आलं. ते मी देवापाशी ठेवलं. आणि भूकंप झाला.

शहरात भिंतींना भेगा गेल्या, पण जिल्ह्यातली गावंच्या गावं मातीखाली गेली. यांनी मिल बंद ठेवून आवारात चुली मांडल्या. हे तेव्हा खरंच मोठं वागले, ते मी नाकारत नाही. ढिगाऱ्यातून माणसं काढायला गेले, आवाज बसला, पायात काच घुसली तरी थांबले नाहीत. मी बायकांबरोबर खिचडी शिजवत होते. पेपरच्या दिवशी सकाळी आपा आल्या. "चलते ना, भाभी?"

माझ्या हातात उलथनं होतं. समोर रांगेत एक बाई उभी होती, तिच्या घरातलं कुणीच उरलं नव्हतं. तिच्यासमोर गणिताच्या पेपरचं नाव काढायची मला लाज वाटली. तरी मी यांच्याकडं गेले. हे ट्रकमधून पोती उतरवून घेत होते.

"माझा पेपर हाय आज," मी म्हटलं.

"हाव. पाहून राहिलो," हे म्हणाले आणि पुढच्या पोत्याला हात घातला.

आपा मालकांच्या सायकलवर बसून गेल्या. पास झाल्या, अंगणवाडीत लागल्या. पेढे द्यायला आल्या तेव्हा मी त्यांना मिठी मारली आणि मग न्हाणीत जाऊन रडले.

नंतर लातुरात क्लासचं पीक आलं. यांनी मिलच्या वरच पत्र्याचा हॉल बांधला. धर्माबादेपासून मुलं यायची. हे शिकवायचे आणि मी मुलींची मेस चालवायची. दोन्ही वेळच्या पोळ्या, शिवाय कुणाला ताप आला की पेज. त्या क्लासच्या जोरावर हे एकदा आमदारही झाले. सभागृहात मुलींच्या शिक्षणावर तळमळीनं बोलले म्हणून पेपरात छापून आलं. ते कात्रण मीच कापून ठेवलं. एकदा मुंबईहून यांचा फोन आला तेव्हा म्हटलं, अहो, आता तरी फॉर्म. "भरून राहिलो," हे म्हणाले. मला हसूच आलं. त्यानंतर मी विचारलं नाही. रागावण्याइतकं बळ अंगात उरलं नव्हतं, गुडघे दुखायचे.

तर परवा तो विद्यार्थी पुस्तिकेचं शेवटचं पान वाचून दाखवत होता. 'हजारो विद्यार्थी घडवणाऱ्या सरांनी आपल्या सुविद्य पत्नीसही विवाहानंतर दहावी उत्तीर्ण केले.' सुविद्य पत्नी हे तर पत्रिकेत छापायचंच असतं, कुणाचीही बायको असो. पण पुढचं? त्यानं मान वर केली. "सर, बरोबर आहे ना?"

हे पेपर वाचत होते. "हाव," म्हणाले.

हे खोटं बोलत नव्हते, आणि तेच मला लागलं. इतकी वर्षं 'राहिलो, राहिलो' म्हणता म्हणता यांच्या लेखी ते काम होऊनही गेलं होतं.

मी त्या मुलाकडून कागद आणि पेन मागून घेतलं. 'उत्तीर्ण केले' खोडलं आणि वर लिहायला लागले. चष्मा आत होता, अक्षर वाकडं आलं. यांनी पेपर खाली केला.

"काय लिहून राहिली?"

"दहावीला बसायची राहिली," मी म्हटलं. "तेवढंच."

यांनी कागद घेतला, पेनही घेतलं. उत्तरपत्रिका तपासावी तसा दोनदा वाचला. पेन हातात होतं, पण यांनी काहीच खोडलं नाही.